गोष्ट कळली, मग पाहायचे काय?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक लहानसा वाद झाला. त्या वादात आम्हांस ऐन वेळी समर्पक उत्तर सुचले नाही, म्हणून हा लेख लिहावयास बसलो आहोत. सुटीनिमित्त पुतण्याची मंडळी पुण्याहून साताऱ्यास आली होती. त्याचा थोरला मुलगा, वय वर्षे सतरा, हुशार, नम्र आणि वाचनाची आवड असलेला, माडीवरच्या खिडकीत बसून मोबाईलवर ‘श्वास’ हा चित्रपट पाहत होता. आम्ही चहाचा पेला घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसलो, तो काय! पडद्यावरची माणसे अशी भराभर बोलत व चालत होती, की किल्ली जास्त बसलेल्या खेळण्यांची आठवण व्हावी. यंत्रात काही बिघाड आहे की काय, असे विचारता चिरंजीव हसले.

“नाही आजोबा, दीडपट वेगाने लावला आहे. पावणेदोन तासांचा चित्रपट सव्वा तासात आटोपतो. गोष्ट तर सगळी कळते.”

“आणि त्यातली माणसे?” आम्ही विचारले.

“माणसे दिसतातच की! गोष्ट कळली, मग आणखी पाहायचे काय?”

यावर आमच्या धाकट्या बंधूंनी आजकालच्या पिढीवर एक लांबलचक प्रवचन झोडले. त्यात आम्ही सामील झालो नाही. कारण खरे सांगावयाचे तर त्या मुलाच्या वयाचे असताना आमचे मत त्याच्यापेक्षा फार निराळे नव्हते. पुढे वर्गात ‘शाकुंतल’ शिकविताना प्रथमची काही वर्षे आम्हीही तेच करीत आलो. कथानक सांगावे, समास सोडवावे, अलंकार दाखवावे आणि नाटक संपले असे जाहीर करावे. नाटक हे कोणीतरी करून दाखवावयाचे असते, ही गोष्ट वर्गाच्या चार भिंतींत आम्ही जवळजवळ विसरूनच गेलो होतो. वास्तविक कालिदासाने नाटकाच्या तोंडीच ती सांगून ठेविली आहे. प्रस्तावनेत नटी ग्रीष्म ऋतूचे गीत गाते आणि त्या गाण्याने सूत्रधाराचे चित्त असे हरपते, की आज कोणते नाटक करावयाचे हेच तो विसरतो. नटीलाच त्याला आठवण करून द्यावी लागते. ज्याच्या हाती सर्व सूत्रे, त्यालाच कथानकाचा विसर पडावा, इतके सामर्थ्य कवीने प्रयोगाला दिले आहे. हा श्लोक आम्ही कित्येक वर्षे शिकविला. त्यातील विनोद आमच्या ध्यानात आला तो फार उशिरा.

आमच्या शास्त्रकारांना मात्र हे पक्के ठाऊक होते. भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत, ते आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असतील. आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेषभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे चित्ताच्या एकाग्रतेतून आपोआप प्रकट होणारा. पहिले दोन मेहनतीने साधतात. तिसरा शिंपी व रंगारी यांच्या स्वाधीन. चौथा मात्र मागून मिळत नाही. ज्या अभिनयात सत्त्वाचे आधिक्य तो श्रेष्ठ आणि ज्यात सत्त्वच नाही तो अधम, अशी स्पष्ट प्रतवारी नाट्यशास्त्राने लावून दिली आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव. आता विचार करा. अंगावर उभा राहिलेला काटा किंवा क्षणभर उडालेला चेहऱ्याचा रंग नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून कोणाला दिसणार? स्वर किंचित चिरकला तर तो कोणाला ऐकू येणार? म्हणून रंगभूमीवरच्या नटाला हे सर्व भाव मोठे करून, बाह्य खुणांनी दाखवावे लागत. चित्रपटाचा कॅमेरा नटाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर येऊन उभा राहिला आणि ध्वनिग्राहक यंत्राने त्याचा निःश्वासही टिपला, तेव्हा या आठ भावांना जणू पहिल्यांदाच आपले खरे घर मिळाले. जुन्या कृष्णधवल चित्रपटांत वैवर्ण्य कसे दिसणार, अशी शंका कोणी काढील. परंतु चांगला नट असला म्हणजे तेही दिसते. आम्ही पाहिले आहे.

याची उदाहरणे शोधावयास दूर जावयास नको. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला. दामले आणि फत्तेलाल या जोडीने तो दिग्दर्शित केला. मुंबईस सेंट्रल चित्रगृहात तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांचे चरित्र महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नव्हते? वह्या इंद्रायणीत बुडणार, त्या परत वर येणार, शेवटी वैकुंठाचे विमान येणार, हे चित्रगृहात शिरणाऱ्या प्रत्येकास घरूनच ठाऊक होते. म्हणजे ‘गोष्ट कळली’ हा मुद्दा तिकीट काढण्यापूर्वीच निकालात निघालेला! तरीही लोक वर्षाहून अधिक काळ तो पाहत राहिले. चमत्कारांची दृश्ये हे एक कारण असेल. परंतु आज आपण तो चित्रपट पाहतो, तेव्हा विमानातील करामत पाहून आपल्याला थोडे हसूच येते. विष्णुपंत पागनिसांचा चेहरा पाहून हसू येत नाही. पागनीस हे पूर्वी स्त्रीभूमिका करणारे नट आणि पुढे भजनात रमलेले गायक. तुकोबा म्हणून ते काही करतात असे वाटतच नाही. ते नुसते तेथे असतात, आणि बाकीचे जग त्यांच्याभोवती धावपळ करते.

आणि ही धावपळ कोण करते? तर गौरीची आवली. आमच्या मते त्या चित्रपटाचा निम्मा भार या बाईने उचलला आहे, आणि तिच्या वाट्यास कौतुक मात्र चौथाईही आले नाही. ही काही नाटकात तयार झालेली नटी नव्हे. ‘प्रभात’च्या आवारात पडेल ते किरकोळ काम करीत करीत ती कॅमेऱ्यासमोर आली. तिची आवली म्हशीशी प्रेमाने बोलते, नवऱ्यावर आग पाखडते, आणि पोर आजारी पडले तेव्हा पायातली वहाण हाती घेऊन विठ्ठलालाच जाब विचारावयास देवळात शिरते. हा प्रसंग कागदावर वाचला तर कोणा भाविकास पाखंड वाटेल. परंतु गौरीच्या त्या संतापात पोटच्या पोराची एवढी कळकळ आहे, की देवळात वहाण घेऊन शिरलेल्या त्या बाईवर रागवावे असे कोणासही वाटत नाही. पागनिसांची शांती खरी वाटते ती या बाईच्या अशांतीमुळे. नवरा वैकुंठास निघाला तरी तिला चुलीची आणि मुलांची काळजी. संताच्या घरी भाकरी कोण थापीत होते, हा प्रश्न चरित्रकारांनी फारसा विचारला नाही. गौरीने तो न विचारता केवळ आपल्या वावरण्याने आपल्यापुढे ठेवला. आता हे सर्व दीडपट वेगाने पाहावे आणि ‘गोष्ट कळली’ म्हणावे! कळेल, पण ती आमच्या शालेय पाठ्यपुस्तकातील गोष्ट असेल.

अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त एक मार्मिक विचार मांडला आहे. रसाचा आस्वाद नटाला नसतो, प्रेक्षकाला असतो. नट हे आस्वादाचे साधन, म्हणूनच त्याला ‘पात्र’ म्हणतात. पात्राला, म्हणजे भांड्याला, आतील पेयाची चव कळत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या या काश्मिरी पंडिताचा दृष्टांत आम्हांस फार आवडतो, परंतु त्यात आमच्या अल्प मतीने एक पुस्ती जोडावीशी वाटते. भांड्याला चव कळत नसेल, तथापि भांड्यामुळे चव बदलते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणत्याही गृहिणीस विचारावे. तेच ताक कल्हई उडालेल्या पितळेत ठेवले तर कळकते.

चिरंजीव जो चित्रपट घाईने पाहत होते, त्याबद्दलही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. ‘श्वास’ २००४ साली प्रदर्शित झाला. संदीप सावंत त्याचे दिग्दर्शक. त्याला उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि भारतातर्फे तो ऑस्करसाठी पाठविला गेला. कथा दोन ओळींत मावते. कोकणातील एका लहान मुलाच्या डोळ्यांत कर्करोग उद्भवतो. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी जाईल. हे त्या मुलाला सांगावयाचे कोणी, हा आजोबांपुढील प्रश्न. अरुण नलावडे यांनी ते आजोबा उभे केले आहेत. मोठ्या शहरातील इस्पितळात गोंधळलेला, डॉक्टरचे अर्धे बोलणे न समजणारा, तरी नातवाचा हात न सोडणारा असा तो खेडवळ म्हातारा. या भूमिकेत बोलण्यापेक्षा न बोलणे अधिक आहे. डॉक्टर काही सांगतात, म्हातारा ऐकतो, आणि ऐकणे व समजणे यांच्यामध्ये जो अवकाश जातो, तेवढ्यातच सगळा चित्रपट आहे. आता तो अवकाश एक-तृतीयांशाने कापून टाकल्यावर राहिले काय? एका मुलाचे डोळे गेले, एवढी बातमी. बातमी वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो. त्या आजोबांना पाहून आम्ही चित्रगृहातून बाहेर आलो, तेव्हा दिवस मावळत होता. घरी परत जाईपर्यंत आम्ही रस्त्यावरची झाडे, गाड्या, पाट्या, सारे काही जणू कोणाला तरी दाखवावयाचे आहे अशा नजरेने पाहत होतो.

परंतु हा लेख लिहिण्याचे खरे कारण ‘श्वास’ नव्हे. चिरंजीवांचा प्रश्न ऐकला तेव्हा आम्हांस आठवला तो ‘कुंकू’, आणि ‘कुंकू’ म्हटले म्हणजे आमची आजी.

‘कुंकू’ हा ‘प्रभात’चाच १९३७ सालचा बोलपट. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो काढला. हिंदीत तो ‘दुनिया न माने’ या नावाने निघाला. नातलगांच्या आश्रयाने वाढलेल्या नीरेला फसवून काकासाहेब नावाच्या वृद्ध बिजवर वकिलाच्या गळ्यात बांधतात. हे लग्न तिला मान्य नाही, आणि ती ते निमूटपणे सोसणारही नाही. शेवटी त्या वृद्धाला आपली चूक कळते. नीरेला मुलीप्रमाणे मानून, तिने पुन्हा संसार मांडावा असे पत्र लिहून, तो जगाचा निरोप घेतो. नीरेच्या भूमिकेत शांता आपटे आणि काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते. काकासाहेबांच्या सुधारक मुलीचे काम शकुंतला परांजपे यांनी केले आहे. या रँग्लर परांजप्यांच्या कन्या. पुण्याच्या सुशिक्षित घरातील विदुषीने त्या काळी बोलपटात काम करावे, याचेही अनेकांस आश्चर्य वाटले असेल.

वृद्ध वराचा विषय मराठीला नवा नव्हता. देवलांच्या ‘शारदे’तील भुजंगनाथ १८९९ सालीच रंगभूमीवर आला होता. (जाता जाता एक खुलासा करतो. १९२९ सालचा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘शारदा कायदा’ म्हणून आपल्याकडे ओळखला जातो तो देवलांच्या नाटकामुळे, अशी पुष्कळांची समजूत आहे. ते नाव हरबिलास सारडा या गृहस्थांच्या नावावरून आले आहे.) भुजंगनाथाला पाहून लोक पोट धरून हसत. देवलांचा हेतूच तो होता. ज्या रूढीला हसता येते ती निम्मी मेलेली असते, अशी त्यांची युक्ती. परंतु हसण्यात एक तोटाही आहे. भुजंगनाथाला हसणारा प्रत्येक गृहस्थ ‘हा मी नव्हे’ असे मनात म्हणूनच हसत असतो. बोळके, लुटुपुटूचे तारुण्य आणि बोहल्यावर चढण्याची घाई हे सगळे पाहून त्याला स्वतःची आठवण कशी होणार?

केशवराव दात्यांनी हा हसण्याचा मार्गच बंद करून टाकला. दाते मूळचे रंगभूमीचे. महाराष्ट्र नाटक मंडळीत त्यांनी तारुण्यात स्त्रीभूमिकाही केल्या. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने मराठी रंगभूमीवर साधे, घरगुती बोलणे आणले, त्यातही ते अग्रभागी होते. ‘कुंकू’च्या वेळी ते स्वतः पन्नाशीच्या आतले. तरी त्यांचे काकासाहेब आहार्याने म्हातारे झालेले वाटत नाहीत. ते आतून म्हातारे आहेत. त्यांनी भुजंगनाथाप्रमाणे दुष्टाचे किंवा विदूषकाचे सोंग घेतले असते, तर चित्रपटाचा निकाल पहिल्या अर्ध्या तासात लागला असता. नीरा बरोबर, म्हातारा चूक, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून घरी जावे. दात्यांनी जो काकासाहेब उभा केला, तो गावात मानाने वावरणारा, घरात शब्द चालणारा, आणि आपण काही वावगे केले असे प्रामाणिकपणे न वाटणारा गृहस्थ आहे. चार लोक करतात तेच त्याने केले. मग हळूहळू, अगदी हळूहळू, त्याला उमगू लागते. आरशासमोर उभा राहून स्वतःचे म्हातारपण न्याहाळणारा तो मनुष्य आपल्या शेजारच्या वाड्यातला असतो, आपल्या नात्यातला असतो. त्याच्याकडे बोट दाखविता येत नाही, कारण तेच बोट आपल्याकडे वळते.

शांताराम यांनी त्या चित्रपटात एक धाडस केले, त्याचा येथे उल्लेख करणे अवश्य आहे. त्यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले. प्रसंगात जे खरोखर वाजेल तेच ऐकू यावयाचे. आजच्या चित्रपटांत कोणी दुःखी झाले, की कोठून तरी सारंगीच्या सुरांचा लोंढा येतो आणि रडण्याची वेळ झाली असल्याची आपणांस सूचना मिळते. ही प्रेक्षकाच्या बुद्धीवर अविश्वास दाखविण्याची रीत आम्हांस मुळीच रुचत नाही. ‘कुंकू’त ती सोय नाही. भिंतीवरचे घड्याळ टकटक करीत असते आणि एक म्हातारा गप्प असतो. तो काय सोसतो आहे हे सांगणारे दुसरे कोणी नाही. सर्व भार नटाच्या चेहऱ्यावर आणि थोडा आपल्या चित्तावर.

शांता आपट्यांचे काम तर सर्वश्रुतच आहे. तिचा स्वाभिमान, तिची तडफ, सावत्र मुलगा आगळीक करू लागताच त्याला छडीने फोडून काढण्याचा तो प्रसंग! १९३९ साली याच नटीने आपल्या हक्कांसाठी ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषण आरंभिले, यावरून तिने नीरेचा पाणीदारपणा बाहेरून आणला नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही. तिच्याबद्दल आम्ही येथे अधिक लिहीत नाही, कारण आमच्या आजीने त्या दिवशी तिच्याकडे पाहिलेच नाही.

आमची आजी १९१२ सालची. सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले तेव्हा आजोबांचे वय शेहेचाळीस. ते साताऱ्यास न्यायालयात नाझर होते. पहिली पत्नी वारलेली, थोरली मुलगी जवळजवळ आजीच्याच वयाची. आजीच्या वडिलांस हुंडा देण्याचे सामर्थ्य नव्हते. १९४० साली आजोबा वारले, तेव्हा आजी अठ्ठावीस वर्षांची होती आणि आमचे वडील आठ वर्षांचे. पुढील सर्व आयुष्यात तिने आजोबांविषयी चकार शब्द काढला नाही. बरा नाही, वाईटही नाही. त्यांचा विषय निघाला की ती उठून काहीतरी निवडावयास बसे. आम्ही मुलांनी याचा अर्थ आपल्या सोयीने लावून टाकला होता. आजीवर अन्याय झाला, आजोबा कठोर असले पाहिजेत, आणि ही जखम आहे, तिला हात लावू नये.

१९८५ च्या पावसाळ्यात एका शनिवारी दूरदर्शनवर ‘कुंकू’ लागणार असे समजले. त्या वेळी आम्ही पंचविशीतले, नुकतेच शिक्षक झालेलो आणि डोक्यात सुधारणेचे वारे. आजीने हा चित्रपट पाहिलाच पाहिजे, असा आम्ही आग्रह धरला. वडिलांस ते पसंत नव्हते. “आईला कशाला त्रास देता?” असे ते एकदा म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. आजी मात्र आली. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली. घरातील सर्व मंडळी जमली होती, आणि जो तो पडद्याकडे कमी व आजीकडे अधिक पाहत होता. नीरेच्या लग्नाचा प्रसंग आला, नीरा संतापली, नीरेने दार लावून घेतले. काकू पदराने डोळे टिपू लागली. आजीचा चेहरा कोरा. आमची मनातून निराशा झाली, हे कबूल करतो.

नंतर तो प्रसंग आला. काकासाहेब एकटेच बसले आहेत. कोणी बोलत नाही. घड्याळाची टकटक चालू आहे. फार तर अर्धे मिनिट असेल. आजी किंचित पुढे झुकली आणि कोणाकडे न पाहता म्हणाली, “इकडून असंच बसणं व्हायचं.”

घरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आजोबांविषयी तिच्या तोंडून निघालेले हे पहिले वाक्य होते. आत्याने हळूच विचारले, “कुठे गं?”

“ओसरीवर. रात्री. मी आतून पाहायची. वाटायचं, बाहेर जावं. पण जाऊन बोलायचं काय?”

मग तिने, पडद्यावरची नजर न काढता, तुकड्यातुकड्यांनी सांगितले ते असे. १९३७ साली की पुढच्या वर्षी, तिला नक्की आठवत नव्हते, ‘कुंकू’ गावात आला होता. आजोबा एकटेच जाऊन पाहून आले. त्या रात्री ते जेवले नाहीत. पाट मांडला होता, पान वाढले होते, ते आले आणि “आज नको” म्हणून ओसरीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी, पगडी घालता घालता त्यांनी तिला विचारले, “तुला पाहायचा आहे का तो खेळ?” खेळात काय आहे हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. तिला वाटले, ही आपली परीक्षा आहे. ती म्हणाली, “मला काय कळतं त्यातलं!” त्यावर ते काही वेळ थांबले आणि निघून गेले. पुन्हा तो विषय कधी निघाला नाही.

“वाईट नव्हते हो,” ती शेवटी म्हणाली. “त्यांना बोलता आलं नाही. मलाही नाही.”

चित्रपटाचा शेवट तिने पाहिला नाही. देवाजवळ दिवा लावावयाचा राहिला म्हणून ती उठून आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

आता आमच्या नातवास आमचा प्रश्न असा आहे. ‘कुंकू’ची गोष्ट आजीला कोणी कळवावयाची गरज होती काय? ती गोष्ट ती जगली होती. कादंबरी तिने वाचली असती तर नीरेच्या जागी स्वतःला घालून ती कदाचित चार आसवे गाळती, आणि आमचा सुधारकी हेतू सफल होऊन सर्व जण समाधानाने झोपलो असतो. परंतु आठ वर्षांपूर्वीच दिवंगत झालेल्या केशवराव दात्यांनी— चुकलो, चौदा वर्षांपूर्वी, दाते १९७१ साली गेले— एका खुर्चीत अर्धे मिनिट गप्प बसून, तिला आयुष्यभर आतून दिसलेला मनुष्य पुढून दाखविला. तो आपल्यासारखाच कोंडलेला होता, हे तिला त्र्याहत्तराव्या वर्षी कळले. हे काम कथानकाचे नव्हे. ते अर्धे मिनिट वीस सेकंदांचे झाले असते तर ते झाले असते की नाही, हे आम्हांस ठामपणे सांगता येत नाही. पण शंका आहे.

दुसरी एक शंका आम्हांस तेव्हापासून आहे आणि ती अद्याप फिटलेली नाही. आजोबा खरोखर तसे बसत असत, की त्या संध्याकाळी दात्यांचे बसणे पाहून आजीच्या मनात आजोबा तसे बसले? पंचेचाळीस वर्षांत माणसाचा चेहरा पुसट होतो. त्यावर एखादा समर्थ नट आपली रेषा ओढून जाऊ शकतो. आजी १९९१ साली गेली, तिला हे विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाही. वडिलांस मात्र एकदा विचारले. त्यांनी पुष्कळ वेळ विचार केला. ओसरीवर बसलेले आजोबा त्यांना आठवेनात. त्यांना आठवत होता तो फक्त रात्री उशिरा ओसरीच्या फरशीवर होणारा काठीचा आवाज.